सगळ्या एमसीबी पाडल्या तरी ईएलसीबी पडते, तेव्हा दोष कुठे शोधायचा?

जून अर्धा सरला की आमच्याकडे, सावंतवाडी-कुडाळच्या पट्ट्यात, एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की घराची वीज तोडणारा खटका, सारखी पडते. उन्हाळाभर काही नव्हतं, चार-पाच दिवस पाऊस लागला आणि घर काळोखात. वर केली की थोडा वेळ टिकते, परत खाली. काही घरांत ती पाऊस नसतानाही पडते, आणि पडण्याची वेळ जवळजवळ ठरलेली असते.

अठरा वर्षं घरांची वायरिंग करतोय. या तक्रारीवर लोकांचा जितका पैसा फुकट गेलेला पाहिला तितका दुसऱ्या कशावर नाही. आधी ईएलसीबी बदलतात, मग गिझर, मग फ्रिजवर संशय, आणि शेवटी कोणीतरी ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे ईएलसीबी वगळून वायरी थेट जोडतो. दोष जागच्या जागी राहतो. कारण बहुतेक वेळा शोध अर्ध्याच सर्किटमध्ये झालेला असतो. उरलेलं अर्धं सर्किट कुठलं, ते समजण्यापुरती वीज ज्याला कळली, त्याला हा दोष सापडतो. म्हणून नुसती कृती न देता तिच्यामागची वीजही सांगतो.

एक घर सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून बोलता येईल. जुलैचा पहिला आठवडा होता. काकूंचा फोन आला, “रोज सातच्या पुढे आमची लाइट जाते. शेजारी सगळीकडे असते, आमचीच जाते.” जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर, वायरिंग मात्र सात-आठ वर्षांपूर्वी नवीन केलेलं. तोपर्यंत दोन ईएलसीबी बदलून झाल्या होत्या. गिझर काढून माळ्यावर ठेवला होता. आधी येऊन गेलेला एक जण ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला होता, पण घरात दोन लहान नातवंडं आहेत म्हणून आजोबांनी त्याला नकार दिला. या एका निर्णयाबद्दल मला आजोबांचा फार आदर वाटतो.

मी संध्याकाळीच गेलो. डीबीतल्या, म्हणजे घराच्या खटक्यांच्या पेटीतल्या, सहाही एमसीबी (एकेका सर्किटचे खटके) पाडल्या, फक्त ईएलसीबी वर ठेवली आणि ओटीवर बसून राहिलो. साडेसातच्या सुमाराला आत ‘टक’ असा आवाज झाला. ईएलसीबी खाली. घरातला एक दिवाही चालू नव्हता, एकही एमसीबी वर नव्हती. काकूंनी विचारलं, “सगळंच बंद आहे, तर करंट जातो कुठून?”

प्रश्न अगदी बरोबर होता.

सर्किट म्हणजे फेरी

टॉर्चचा एक दीड व्होल्टचा सेल घ्या, टॉर्चचा जुना छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे. सेलच्या टोपीपासून बल्बपर्यंत एक तुकडा, बल्बपासून सेलच्या बुडापर्यंत दुसरा. बल्ब लागतो. आता पहिला तुकडा सोडा, बल्ब विझतो. तो परत जोडा आणि दुसरा सोडा, तरीही विझतो. दोन्ही वायरींची गरज सारखीच, कारण करंट जाऊन परत यावा लागतो. वाट कुठेही तुटली की वाहणं थांबलं. मुलांना वीज शिकवायची असेल तर सुरुवात यानेच करा, थेट घरातल्या बोर्डाने कधीही नाही.

घरातही हेच चालतं. रस्त्यावरच्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून, फेज येतो, तो बटणातून दिव्यात जातो, आणि दिव्यातून करंट न्यूट्रलने परत डीपीला जातो. गावाकडे आपण म्हणतो, लाल वायर जिवंत आणि काळी मेलेली. हे बरोबर नाही. दिवा चालू असताना लाल वायरीत जितका करंट असतो तितकाच काळ्या वायरीत असतो. फरक दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा आहे. फेजचा जमिनीच्या तुलनेत दाब २३० व्होल्ट. न्यूट्रल डीपीजवळ जमिनीत गाडलेल्या अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा दाब जवळजवळ शून्य. टेस्टर हा दाबच दाखवतो, करंट नाही. म्हणून तो फेजला लागतो आणि न्यूट्रलला लागत नाही, आणि लोक समजतात की काळ्या वायरीत काहीच नाही.

‘जवळजवळ शून्य’ यातला ‘जवळजवळ’ लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथेच आहे.

डीपीपासून तुमच्या घरापर्यंत न्यूट्रलची तार दोनशे-तीनशे मीटर येते. तारेला थोडा का होईना रोध असतो. त्या तारेतून गावाचा करंट परत जातो, आणि ओहमच्या नियमाप्रमाणे करंट गुणिले रोध इतका दाब तारेवर पडतो. तीन फेजांवरचा भार सारखा असला तर न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेद जाऊन थोडंच उरतं, पण गावात भार कधी सारखा वाटलेला नसतो. त्यामुळे तुमच्या घराजवळ न्यूट्रल जमिनीच्या तुलनेत एक, दोन, कधी चार व्होल्टवर असतो. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर, मोटारी चालू झाल्या की हा आकडा वाढतो. त्या काकूंच्या घरी नंतर एका दुपारी मी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजलं तेव्हा मीटरवर ०.८ व्होल्ट होते. संध्याकाळी २.४.

ईएलसीबी काय मोजते

आज घराघरांत आपण जिला ईएलसीबी म्हणतो ती खरं तर आरसीसीबी असते. पूर्वीची खरी ईएलसीबी अर्थिंगच्या वायरवरचा दाब पाहायची. आताची करंट पाहते. बोलण्यात जुनंच नाव राहिलं आहे, मीही तेच वापरतो.

गुराखी सकाळी गोठ्यातून गुरं सोडताना मोजतो आणि तिन्हीसांजेला परत आली की पुन्हा मोजतो. एक कमी भरलं की त्याला कळतं, रानात कुठेतरी एक राहिलं. कुठे राहिलं ते मात्र मोजणीतून कळत नाही. ईएलसीबी हेच करते, फक्त सतत. आत लोहाची एक कडी असते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असला तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि कडी शांत राहते. थोडा करंट न्यूट्रलने परत न येता जमिनीतून गेला, की कडीत फरक उरतो, तिच्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज तयार होते आणि तिने खटका पडतो. जितका करंट येतो तितकाच बाहेर गेला पाहिजे, हा किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली मांडलेला नियम. तुमच्या डीबीत बसून रात्रंदिवस तोच तपासला जातो.

हा हिशोब उलट्या बाजूनेही लागू आहे. फेजमधून काहीच गेलं नाही, पण न्यूट्रलमधून थोडा करंट आला, तरी दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि खटका पडतो. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, पण थोडं थांबा.

घरातल्या ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. किती हा करंट? ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० घेतो, म्हणजे त्याहूनही कमी. पण शरीरातून १० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की स्नायू आकसतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर आणि थोडा जास्त वेळ गेला तर हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती सुरू होते. म्हणून माणसाच्या संरक्षणासाठी ३० हा आकडा ठरला आहे. प्रत्यक्षात ती १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. प्रमाणकच तसं आहे, त्यामुळे २२ ला पडली म्हणून ती खराब नव्हे.

एमसीबीचं काम अगदी वेगळं. ती फक्त जास्त करंट पाहते, तारा तापू नयेत म्हणून. १६ अँपिअरच्या एमसीबीला १६ च्या आत काय कुठे गळतंय याच्याशी देणंघेणं नसतं. डीबीत दोघी शेजारी बसलेल्या दिसतात, पण एक दुसरीचं काम करू शकत नाही.

गळती दोन तऱ्हेची

पहिली गळती फेजपासून अर्थिंगला. वायरीचं इन्सुलेशन ओलं झालं, चिरलं, बोर्डात मुंग्यांनी वारूळ केलं, पाल अडकली, की फेजमधून थोडा करंट ओलाव्यातून जमिनीकडे जातो. चांगल्या वायरिंगचा इन्सुलेशन रोध निदान १ मेगाओहम हवा. तेवढ्या रोधातून २३० व्होल्ट फक्त ०.२३ मिलिअँपिअर ढकलू शकतात. तोच रोध ओल येऊन १० किलोओहमवर उतरला तर २३ मिलिअँपिअर, आणि ईएलसीबी काठावर. जांभा पाणी पितो. चिऱ्याच्या भिंतीत खाचा करून बसवलेल्या पाइपात पावसाळ्यात पाणी साचतं, आणि आत कोणी टेप गुंडाळून जोड मारलेला असला तर तो महिनाभर ओलातच राहतो. ही गळती सगळ्यांना समजते, कारण ती फेजची आहे आणि एमसीबी पाडली की थांबते.

दुसरी गळती न्यूट्रलपासून अर्थिंगला, आणि ती फसवते. कारण डीबीतली साधी एमसीबी एका पोलची असते. ती फक्त फेज तोडते. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एका पितळी पट्टीवर जोडलेले असतात आणि एमसीबी वर असो वा खाली, ते जोडलेलेच राहतात. घरात कुठेही न्यूट्रल अर्थिंगच्या वायरीला किंवा ओल्या लोखंडाला टेकला असेल, तर सगळ्या एमसीबी पाडूनही तो टेकलेलाच असतो.

आता आकडे पाहा. न्यूट्रलवर संध्याकाळचे दोन व्होल्ट आहेत आणि तो घरात अर्थिंगला टेकला आहे. त्या दोन व्होल्टना जमिनीतून डीपीपर्यंत जायला दुसरी वाट मिळाली. ही वाट किती मोकळी, ते अर्थिंगच्या खड्ड्यावर ठरतं. मे महिन्यात कातळावरचा खड्डा कोरडा ठणठणीत, वाटेचा रोध समजा २०० ओहम. दोन भागिले दोनशे, म्हणजे १० मिलिअँपिअर. ईएलसीबी हलत नाही. जुलैत तोच खड्डा भिजून चिंब, रोध ५० ओहम. दोन भागिले पन्नास, म्हणजे ४० मिलिअँपिअर. खटका पडतो. तुमच्या घरात एकही दिवा लागलेला नसताना पडतो, कारण तो करंट शेजाऱ्यांच्या भाराने न्यूट्रलवर आलेल्या दाबाचा आहे.

दोष उन्हाळ्यातही तिथेच होता. पावसाने दोष निर्माण केला नाही, अर्थिंग सुधारलं आणि दोष उघडा पडला. हे मला स्वतःला उमगायला बरीच वर्षं लागली, आणि उमगल्यावर आधीच्या कितीतरी न सुटलेल्या घरांचा उलगडा झाला.

घरच्या माणसाने काय करायचं

डीबीचं झाकण उघडायचं नाही. ईएलसीबी खाली असली तरी तिच्या वरच्या बाजूच्या स्क्रूंवर मीटरकडून आलेला फेज जिवंतच असतो. पुढचं सगळं फक्त खटके वर-खाली करून आणि प्लग काढून करायचं आहे. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. बोर्डावरून किंवा डीबीवरून पाणी ओघळताना दिसत असेल तर तेही करू नका. कोरड्या जागेवरचा मेन स्विच बंद करता येत असेल तर करा आणि वायरमनला बोलवा.

सगळ्या एमसीबी पाडा आणि मग ईएलसीबी वर करा. ती लगेच किंवा काही वेळाने एकटीच पडली, तर न्यूट्रलची गळती आहे किंवा ईएलसीबीच बिघडली आहे. या दोन्ही गोष्टी वायरमनच्या आहेत. तुम्ही इथेच थांबा, पण त्याला हे नक्की सांगा: ‘सगळ्या एमसीबी खाली असताना पडते.’ या एका वाक्याने त्याचे दोन तास वाचतात.

ती टिकली तर एकेक एमसीबी वर करत चला. दोघींच्या मध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्या, घाई केली की चुकीच्या सर्किटवर आळ येतो. ज्या एमसीबीला पडली तिच्यावरची सगळी उपकरणं आता सॉकेटमधून उपसून काढा. बटण बंद करणं पुरत नाही, कारण बोर्डाचं बटणही फक्त फेज तोडतं आणि न्यूट्रल उपकरणापर्यंत पोचलेलाच राहतो. प्लग काढल्यावर ईएलसीबी टिकली तर दोष उपकरणात, नाही टिकली तर वायरिंगमध्ये. मग एकेक उपकरण लावून पाहा.

चोपडीत वेळ लिहून ठेवा. कधी पडली, पाऊस होता का, मोटर चालू होती का, फ्रिजने नुकताच आवाज केला का. आठवड्याची अशी नोंद मला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त सांगते.

वायरमनने काय करायचं

हे परवानाधारक माणसाचं काम आहे, पण घरमालकाला ते माहीत असावं, म्हणजे समोर चाललेलं कळतं. मेन बंद करायचा. ईएलसीबीच्या खालच्या दोन्ही वायरी सोडायच्या आणि ती रिकामी चालू करून पाहायची. रिकामी पडली तर तीच खराब. रिकामी टिकली तर मेन पुन्हा बंद करून, वीज नाही याची खात्री करून, न्यूट्रलची पट्टी आणि अर्थिंगची पट्टी यांच्यातला रोध मोजायचा. घरातले सगळे प्लग आधीच काढलेले हवेत. काही ओहम दाखवले तर न्यूट्रल कुठेतरी थेट टेकला आहे, साध्या मल्टिमीटरवरही तो दिसतो. ओलीची गळती मात्र मल्टिमीटरच्या बॅटरीवर लपून राहते, तिला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, लागतो. मेगर लावायच्या आधी एलईडी दिवे, इन्व्हर्टर, दाराची बेल, सगळं सोडवून घ्यायचं, नाहीतर ती इलेक्ट्रॉनिक्स जाते.

मग पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवत जायचं. ज्या वायरीला सोडल्यावर रोध उडी मारून वर जातो, ते सर्किट.

काकूंच्या घरी पाचव्या वायरीला मीटरवरचा आकडा उडी मारून वर गेला. बाहेरच्या दिव्यांचं सर्किट होतं. पडवीतला दिवा काढला, आत काही नाही. खळ्याकडच्या बाजूला भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटचा दिवा होता. ब्रॅकेट सोडवला आणि मागे पाहिलं, तर काळी वायर पत्र्याच्या धारेखाली चेपून तिचं इन्सुलेशन फाटलं होतं आणि उघडं तांबं अर्थ केलेल्या लोखंडाला घट्ट टेकलं होतं. मे महिन्यात घरात लग्न होतं, त्याआधी भिंती रंगवल्या होत्या. रंग द्यायला ब्रॅकेट काढला आणि परत बसवताना वायर मागे अडकली. दिवा व्यवस्थित लागत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. वायरीचा वीतभर तुकडा बदलला, ब्रॅकेटच्या भोकात रबरी कडी घातली. काम वीस मिनिटांचं. त्यासाठी दोन ईएलसीबी आणि एक गिझर बदनाम झाले होते.

नेहमी सापडणाऱ्या बाकीच्या जागा

गिझर बदनाम होतो ते अगदीच उगाच नाही. त्याचं एलिमेंट म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली तार, आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली. ही पूड कोरडी असेतो उत्तम इन्सुलेटर. नळीला केसाएवढी चीर गेली की ती ओल शोषते. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याच्यापुढे पाच-पंचवीस मिलिअँपिअरची गळती कोणाला जाणवणार? पाणी गरम होतच राहतं. चीर न्यूट्रलच्या टोकाजवळ असेल तर बटण बंद असतानाही ईएलसीबी पडते, आणि लोक म्हणतात गिझर तर बंदच होता. म्हणून गिझरला नेहमी डबल पोल स्विच लावावा, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो.

विहिरीच्या मोटरीचं उलट. तिची गळती बहुधा पंपात नसते, केबलच्या जोडात असते. पाण्यात उतरणाऱ्या केबलचा जोड साध्या काळ्या टेपने बांधलेला असेल तर तो एका पावसाळ्याचा सोबती.

जिन्यातला दिवा ही वेगळीच भानगड आहे. खाली आणि वर वेगळी ईएलसीबी असलेल्या घरात जिन्याच्या दिव्याचा फेज खालून आणि न्यूट्रल वरून, जवळ पडला म्हणून, घेतलेला असतो. दिवा लावला की खालचीला वाटतं गेलेला करंट परत आला नाही, आणि वरचीला वाटतं न पाठवलेला करंट आला. कुठेही गळती नाही, ओल नाही, तरी दोघींपैकी एक पडते. जुने ६० वॅटचे बल्ब होते तेव्हा २६० मिलिअँपिअरने लगेच पडायची. आता लहान एलईडीने कधी पडते, कधी नाही, म्हणून सापडायला जड जाते. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रलची अशीच सरमिसळ होते. इन्व्हर्टर बसल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका.

आणि एक शक्यता अशी की एकही वस्तू दोषी नसते. संगणक, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून अर्धा-एक मिलिअँपिअर अर्थिंगला जातच असतो. वीस वस्तूंची बेरीज बारा-पंधरावर गेली की मग फ्रिज सुरू व्हायचं निमित्त पुरतं. उपाय म्हणजे घराचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र ईएलसीबी. विजांच्या गडगडाटात वर्षातून एक-दोनदा पडली आणि वर केल्यावर टिकली, तर तिचा पाठलाग करू नका.

हे तीन उपाय करू नका, करू देऊ नका

ईएलसीबी डायरेक्ट करणं. तिच्या वरच्या आणि खालच्या वायरी एकत्र जोडल्या की ती पडत नाही, हे खरं. पण मग फेज लोखंडाला लागला तर काय होतं ते पाहा. कातळावरच्या ५० ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्ट ४.६ अँपिअर ढकलतात. १६ अँपिअरची एमसीबी जागची हलत नाही. गिझरची टाकी, नळ, मोटरीचं अंग, सगळं जिवंत राहतं आणि कुठलाही खटका पडत नाही.

अर्थिंगची वायर तोडणं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, उपकरणाच्या प्लगातली हिरवी वायर कापून ‘बरा केलेला’ दोष. ट्रिपिंग थांबतं, कारण गळतीची वाट बंद होते. आता ती वाट उघडायला फक्त ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस लागतो. कृपा करून हे कोणालाही करू देऊ नका.

३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची बसवणं. त्या आग रोखण्यासाठी असतात, मोठ्या जागांच्या मेनला. माणूस वाचवण्यासाठी त्या नाहीत.

न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दहा-वीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसले, दिवे मध्येच भडक आणि मध्येच मंद होत असले, तर ही घरातली गळती नाही. खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल सैल झाल्याची ती खूण आहे. न्यूट्रल पूर्ण तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. मेन बंद करा आणि ताबडतोब महावितरणला कळवा.

ईएलसीबीवर एक छोटं बटण असतं, ‘टी’ अक्षराचं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. आतला एक रोधक मुद्दाम खोटी गळती करतो आणि खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ती ईएलसीबी त्याच दिवशी बदलायची. या बटणाने तुमचं अर्थिंग चांगलं आहे की नाही ते कळत नाही, तो खड्डा वेगळा मोजून घ्यावा लागतो, आणि तो मोजायचा मे महिन्यात, पावसाळ्यात नाही. काकूंच्या घरी मी या मेमध्ये जाऊन तो मोजला, खड्डा रुंद करून कोळसा-मीठ नव्याने भरलं आणि दर उन्हाळ्यात आठवड्याला दोन कळश्या पाणी घालायला सांगितलं. गिझर माळ्यावरून काढून मेगरवर तपासला. तो ठणठणीत होता, डबल पोल स्विच लावून परत बसवला.